गळ्यातली गाठ: ऑपरेशन करायचं का सुईनं जाळायची?

मागच्या अंकात मी एका ओळीत एवढंच लिहिलं होतं की थायरॉईडच्या काही साध्या गाठी आता न कापता, सुईतून उष्णता देऊन बारीक करता येतात. त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला. सोलापूर शहरातून तर आलीच, पण मोहोळ, बार्शी, अक्कलकोटहून पण आली, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. आधी एक सांगते, मी सोलापुरात गळ्याच्या सोनोग्राफ्या करते, ही ट्रीटमेंट स्वतः करत नाही. पुण्यात शिकायला गेले होते तेव्हा शेजारी उभी राहून बऱ्याचदा बघितलीय, आणि करून आलेले पेशंट पुढच्या तपासणीला माझ्याकडंच येतात.

प्रश्न: माझं वय ४१, राहायला अशोक चौकाजवळ, घरी शिलाईकाम करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाईंनी गळ्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय गं? सोनोग्राफीत उजव्या बाजूला ३.४ × २.२ × २ सेंटिमीटरची गाठ निघाली. सुईची तपासणी एकदा झाली, कॅन्सर नाही म्हणाले. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या कामाची रक्ततपासणी, नॉर्मल. पण भाकरीचा घास अडकल्यासारखा होतो आणि मान खाली घालून मशीनवर बसलं की दाबल्यासारखं वाटतं. सर्जन म्हणतात अर्धी ग्रंथी काढू. मुलानं मोबाईलवर दाखवलं की सुईनं जाळतात, टाकासुद्धा पडत नाही. हे खरं आहे का? दुखतं का? गाठ पूर्ण जाते का?

अक्का, खरं आहे. त्याला आरएफए म्हणतात, रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीत घालतात, त्याच्या टोकातून वेगानं दिशा बदलणारा करंट जातो, त्यानं आजूबाजूच्या पेशींमधले क्षार थरथरतात आणि त्या घर्षणानं उष्णता तयार होते. ६० अंशाच्या वर गेलं की पेशी जागीच मरते. मग ते मेलेलं मांस शरीर हळूहळू, महिनोन् महिने, स्वतःच शोषून घेतं. म्हणून गाठ त्याच दिवशी गायब होत नाही, उलट पहिले दोनचार दिवस गळा थोडा सुजलेलाच दिसतो आणि घरातले म्हणतात पैसे पाण्यात गेले. तसं नसतं, थांबायचं असतं.

हे काही काल निघालेलं नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी २००० साली लेझरनं गाठ तापवून दाखवली, कोरियातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये साध्या गाठींवर आरएफएचे अनुभव छापले आणि पुढं त्यांनीच ते हात बसवून नीट नियमात आणलं. अमेरिकेत त्याच्या मशीनला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. चीनमध्ये मायक्रोवेव्ह जास्त वापरतात. साधनं वेगवेगळी, पण तत्त्व एकच, गाठ आतून शिजवायची आणि ग्रंथी जागेवर ठेवायची.

आता मी काय बघितलं ते सांगते. पेशंट ताई टेबलावर उताणी, खांद्याखाली उशी, मान मागं, दोन्ही मांड्यांना चिकटवलेले पॅड, कारण करंटला परत जायला वाट लागते. पूर्ण भूल नाही, गळ्यापुढच्या कातडीला आणि ग्रंथीच्या आवरणाला बधिर करायचं इंजेक्शन. सुई बाजूनं घालत नाहीत, मधल्या भागातून, श्वासनलिकेच्या पुढून आडवी नेतात, म्हणजे सुईचं अख्खं अंग स्क्रीनवर दिसत राहतं आणि ताई गिळली किंवा खोकली तरी टोक सटकत नाही. करंट सुरू झाला की टोकाशी पांढरे बुडबुडे उठतात, तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर दिसतात ना तसे, आणि तेवढा भाग पांढराफटक झाला की सुई जराशी मागं घेऊन पुढचा घास. अगदी खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत असं कण कण करत येतात, एका जागी सुई रोवून ठेवत नाहीत. आणि सारखं बोलणं चालू, "ताई, नाव सांगा", "ताई, मुलं किती", "ताई, सकाळी काय खाल्लं". मला आधी वाटलं धीर द्यायला विचारतात, धीर तर मिळतोच, पण खरं कारण आवाज. ग्रंथीच्या मागच्या बाजूला स्वरयंत्राची नस जाते, तिला आच लागली तर आवाज लगेच घोगरा होतो आणि डॉक्टर तिथंच थांबतात. त्या कोपऱ्याला डेंजर ट्रँगलच म्हणतात, तिथलं मांस मुद्दाम सोडून देतात, किंवा मधे थंड ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून नस लांब ढकलतात.

दुखतं का, तर बधिर केलेलं असल्यामुळं सहन होण्याइतकं. पण करंट चालू असताना कळ जबड्यात, कानात, दाढेत, कधी खांद्यात जाते, आणि कुणी आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरते की हार्टचं काही झालं का काय. हात वर केला की थांबवतात. अर्ध्यापाऊण तासाचं काम, गाठ मोठी असेल तर जास्त. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी.

धोका नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. कोरियातल्या १३ सेंटरच्या १४५९ पेशंटच्या अभ्यासात ४८ जणांना काही ना काही त्रास झाला, म्हणजे ३.३ टक्के, त्यातले मोठे त्रास १.४ टक्के. आवाज बदललेले १५. हे हात बसलेल्या डॉक्टरांचे आकडे आहेत हे पण लक्षात घ्या.

गाठ पूर्ण जाते का? इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा हिशोब करून दाखवते. तिन्ही मापांचा गुणाकार करायचा आणि ०.५२ नं गुणायचं, की गाठीचं आकारमान मिळतं. तुमची आली ७.८ मिली, म्हणजे दीड चमचा. वर्षभरात साधारण ५० ते ८० टक्के आकारमान कमी होतं. समजा ८० टक्के झालं तर उरलं दीड मिली, पण लांबी किती उरली? ३.४ ची फक्त २ सेंटिमीटर. आणि ५० टक्केच झालं तर ३.४ ची २.७. म्हणजे रिपोर्टवर अर्धी झाली आणि आरशात जराशीच कमी दिसली असं होऊ शकतं, त्यात कुणी फसवलेलं नसतं, गोल वस्तूचं गणितच तसं आहे. अडकल्यासारखं मात्र बहुतेकांचं बरंच कमी होतं. कडेला जिवंत राहिलेलं मांस दोनतीन वर्षांनी परत वाढू शकतं, मग काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं.

ऑपरेशनमध्ये गाठ गेली की गेली, तिची पूर्ण तपासणी होते, हा त्याचा मोठा गुण. बदल्यात गळ्यावर व्रण, पूर्ण भूल, आणि अर्धी ग्रंथी काढलेल्यांपैकी साधारण पाचात एकीला पुढं गोळी सुरू होते. आरएफए मध्ये चांगली ग्रंथी शाबूत राहते म्हणून गोळीची वेळ क्वचितच येते.

तुम्हाला माझं मत विचारलंत तर तुम्ही या ट्रीटमेंटसाठी योग्य पेशंट वाटता, त्रास आहे, गाठ साधी आहे, हार्मोन नॉर्मल आहेत. पण एक अडचण आहे. सुईची तपासणी एकदाच झालीय. जाळायच्या आधी ती दोनदा साधी यावी लागते, सोनोग्राफीत गाठ अगदीच निरुपद्रवी दिसत असली तरच एकीवर भागतं. कारण एकदा जाळली की आत व्रणाचं मांस तयार होतं आणि नंतर पेशी बघून काही ठरवणं अवघड जातं. तेव्हा दुसऱ्यांदा सुई टोचून घ्या, आवाजाच्या पडद्यांची तपासणी करून घ्या आणि मग सर्जनना परत भेटा, त्यांना न सांगता दुसरीकडं जाऊ नका. चांगला सर्जन रागावत नाही.

प्रश्न: मला थायरॉईड आहे, ७५ ची गोळी सहा वर्षं चालू आहे. सोनोग्राफीत गाठ नाही, ग्रंथी "खडबडीत" आहे असं लिहिलंय. हे उष्णतेचं केलं तर गोळी कायमची बंद होईल का? (जुळे सोलापूर)

नाही हो ताई, अजिबात नाही. उलट होईल. तुमच्या ग्रंथीवर तुमचीच प्रतिकारशक्ती हल्ला करतेय, त्यामुळं ती आधीच कमी हार्मोन बनवते, तिला जाळून आणखी काय मिळणार? आपल्याकडं "थायरॉईड आहे" या एका शब्दात सगळं कोंबतात, त्यानं हा गोंधळ होतो. ग्रंथी कमी काम करते तो एक आजार, जास्त करते तो दुसरा, आणि ग्रंथीत गाठ येते हा तिसराच विषय. हार्मोन एकदम बरोबर असताना गाठ असू शकते, आणि गाठ नसताना गोळी लागू शकते.

एकच प्रकार असा आहे की गाठ स्वतःच जादा हार्मोन सोडते, टीएसएच एकदम खाली जातं, छाती धडधडते. ती गाठ लहान असेल तर उष्णतेनं फायदा होऊ शकतो, नाहीतर रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध, किंवा ऑपरेशन. तुमचं ते नाही.

तुमच्या गोळीकडं मात्र लक्ष द्या. पत्रात तुम्ही लिहिलंय की सकाळी चहासोबत घेता आणि त्याच वेळी कॅल्शियमची पण. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा निदान अर्ध्या तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब. हे सुधारलंत आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासलंत तर डोस बदलावा लागतो का ते कळेल.

प्रश्न: मुलीचं वय २३, लग्न जमायच्या बेतात आहे. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी होती, त्यात ८ मिलिमीटरची गाठ निघाली, टायरॅड्स ३ लिहिलंय. तिला काही त्रास नाही. पाहुण्यांना कळायच्या आत सुईनं जाळून मोकळं व्हावं असं घरात चाललंय. कुठं करावं? (अक्कलकोट)

कुठंच नाही. काका, मी जरा स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या पत्रातली काळजी मला कळते, पण त्या काळजीची सुई मुलीच्या गळ्यात जायला नको.

८ मिलिमीटर म्हणजे तुरीच्या मोठ्या दाण्याएवढी. सोनोग्राफी लावली तर चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या किती बायकांच्या गळ्यात अशी काही ना काही गाठ दिसते हे मी रोज बघते, आणि जगभरात हेच आहे. गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त साध्या असतात. टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते त्याचे १ ते ५ नंबर. २०१७ च्या अमेरिकन टायरॅड्सप्रमाणे सगळ्यात संशयास्पद दिसणाऱ्या, म्हणजे ५ नंबरच्या गाठीलासुद्धा १ सेंटिमीटरपासून सुई टोचायची असते, ४ नंबरला दीडपासून आणि तुमच्या मुलीच्या ३ नंबरला अडीच सेंटिमीटरपासून. तिची एकही पायरी लागत नाही. मनाच्या समाधानासाठी वर्षा-दोन वर्षांनी एकदा बघितली तर हरकत नाही.

विनाकारण शोधत बसलं की काय होतं त्याचं उदाहरण कोरियाचंच आहे. तिथं चेकअपमध्ये सरसकट गळ्याची सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, पण त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. म्हणजे हजारो लोकांचे गळे अशा गोष्टीसाठी कापले गेले जी त्यांना आयुष्यात कधी त्रास देणार नव्हती.

आणि पाहुण्यांचं. ही गाठ व्यंग नाही, लग्नाला, गरोदरपणाला, कशाला आडवी येत नाही. मुलीला विचारलंत का तिला काय वाटतं? पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, तिचं तेवढं नाही.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आईचं वय ६८, गाठ ४ सेंटिमीटरची हाय, दोनदा तपासली, साधी हाय म्हणत्यात. पण तिला पेसमेकर बसवलाय आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू हायत. भूल झेपंल का नाही म्हणून ऑपरेशनला कुणी हात लावंना. सुईचं करावं का? (मोहोळ)

दादा, भूल झेपत नाही अशांसाठी ही ट्रीटमेंट खरोखर उपयोगाची आहे. पण नेहमीच्या आरएफए मध्ये करंट गळ्यातून मांडीच्या पॅडपर्यंत जातो, तो पेसमेकरच्या कामात लुडबूड करू शकतो. त्याला पर्याय आहे, दोन टोकांचा इलेक्ट्रोड ज्यात करंट टोकाशीच फिरतो, नाहीतर लेझर. म्हणून पहिल्याच भेटीत पेसमेकरचं कार्ड पुढं ठेवा. रक्ताच्या गोळ्या कधी, किती दिवस थांबवायच्या हे हार्टचे डॉक्टर ठरवतील, शेजारच्याचं ऐकून तुम्ही बंद करू नका, गाठीपेक्षा ते जास्त धोक्याचं आहे. आणि एक बघून घ्या, गाठ छातीच्या हाडामागं उतरलीय का. उतरली असेल तर तो भाग सोनोग्राफीत दिसत नाही, आणि जे दिसत नाही तिथं सुई चालवायची नसते.

प्रश्न: माझ्या रिपोर्टमध्ये "बेथेस्डा ४" आलंय. एके ठिकाणी म्हणाले ऑपरेशन कशाला, आरएफए नं दोन तासांत काम होईल. करू का? (बार्शी)

थांबा. पैसे भरले असतील तरी थांबा.

बेथेस्डा म्हणजे सुईच्या तपासणीचे १ ते ६ गट. २ म्हणजे साधी, ६ म्हणजे कॅन्सर. ४ मध्ये पेशी अशा दिसतात की ती साधी गाठ आहे का कॅन्सर हे नुसत्या पेशींवरून सांगता येत नाही, कारण त्यात बघायचं असतं ते गाठीचं कवच फोडून पेशी बाहेर गेल्यात का, आणि ते अख्खी गाठ काढून, काप करून, मायक्रोस्कोपखालीच कळतं. अशा चार गाठींत एक तरी कॅन्सरची निघते, कधी त्याहून थोडं जास्त. ती जाळली तर पुरावाच जळाला.

माझ्याकडं एक बाई आल्या होत्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, दुसऱ्या शहरात गाठ जाळून. फाइल उलटीपालटी केली, सुईचा रिपोर्टच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "साधीच दिसते म्हणाले, टोचायची गरज नाही." सव्वा वर्षानं कडेला परत वाढत होती. सुई टोचली तर व्रणातल्या पेशी, पॅथॉलॉजीवाले पण कोड्यात. शेवटी ऑपरेशन झालं आणि पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉईडच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. त्या आज ठीक आहेत, तो कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश चालतो, पण सव्वा वर्ष गेलं, दोनदा पैसे गेले, आणि एका दोन मिनिटांच्या टोचण्यानं हे सगळं वाचलं असतं. हे लिहितानासुद्धा मला राग येतोय.

कॅन्सरमध्ये उष्णता कधीच वापरत नाहीत असं नाही. १ सेंटिमीटरच्या आतल्या पॅपिलरी कॅन्सरला काही ठिकाणी निवडक पेशंटमध्ये आरएफए करतात, आणि जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं तर १९९३ पासून असे बारीक कॅन्सर न कापता नुसते नजरेखाली ठेवायला सुरुवात केली. पण तिथं काय आहे हे आधी माहीत असतं. तुमच्यात तेच माहीत नाही.

प्रश्न: गाठीत पाणी आहे. दोनदा सुईनं काढलं, दोन्ही वेळा महिन्याभरात परत भरलं. (होटगी रोड)

अशा पाण्याच्या गाठीला उष्णतेपेक्षा अल्कोहोलचं इंजेक्शन आधी करून बघतात. पाणी काढून त्याच पिशवीत थोडं शुद्ध अल्कोहोल सोडतात, त्यानं आतलं अस्तर मरतं आणि पिशवी चिकटते. स्वस्त पडतं. पिशवीच्या भिंतीवर मांसल भाग असेल तर त्याच भागातून सुईची तपासणी करायला सांगा, नुसतं पाणी तपासून उपयोग नसतो.

प्रश्न: खर्च किती येतो, डॉक्टर कसा निवडायचा, आणि नंतर किती दिवस कामाला जाता येत नाही? माझं पॉवरलूमवर काम आहे, सुट्टी मिळत नाही. (अक्कलकोट रोड)

खर्चाचा एकच आकडा सांगितला तर ती दिशाभूल होईल, जागेगणिक बदलतो. बिलातला मोठा भाग इलेक्ट्रोडचा असतो. तो एकदाच वापरायचा असतो, म्हणून नवीन पाकीट समोर फोडणार का हे सरळ विचारा, लाजू नका. विमा असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या. अंदाजपत्रक पण लेखी मागा, आणि त्यात पुढच्या सोनोग्राफ्या धरल्यात का बघा.

डॉक्टरांना विचारायचं, की थायरॉईडच्या गाठी तुम्ही स्वतः किती केल्या, लिव्हरच्या नाही. आवाज गेला तर पुढं काय करता? माझी गाठ मिलीमध्ये मोजून कागदावर देणार का? महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं परत मोजणार का? या प्रश्नांना जो वैतागतो तिथून उठून या. पुण्याला किंवा हैदराबादला जाणार असाल तर सोलापुरातल्या एका डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, रात्री गळा सुजला तर तुम्ही तेवढ्या लांब जाणार नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी मऊ भात, वरण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन दिवस राहू द्या. दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून हलकी कामं चालतात, पण तुमच्याकडं सुताचे बीम उचलावे लागतात, ते आठवडाभर नको, मुकादमाला तशी चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्या. आवाज बसला, गिळताना ठसका लागायला लागला, ताप आला तर लगेच फोन. आणि एक गोष्ट जी पेशंटला फारसं कुणी सांगत नाही, सगळं ठीक चाललेलं असताना दोनचार आठवड्यांनी एखाद्याचा गळा अचानक फुगतो आणि दुखतो, आतली गाठ आवरण फाटून बाहेर आलेली असते. बऱ्याचदा औषधांनी बसतं, पण त्याच दिवशी दाखवायचं. मशीन चालू असताना झालं तरी मशीन बंद करून यायचं.